देवाची शाळा : एका गिरणीवाल्या बापाचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. कसे दिले ते विचारू नका, बेरीज-भागाकार जुळणार नाही. शाळेचं नावही लिहीत नाही. नाव लिहिलं की आपल्याकडे भांडण नावावरून होतं आणि मुद्दा राहतो बाजूला.

गंगाखेड भागात, गोदाकाठी, एका वारकरी ट्रस्टची ही पहिली ते चौथीची मराठी शाळा. मुलगी पहिलीपासून तिथं आहे, आता तिसरी संपत आली. माझी पिठाची गिरणी. जून तोंडावर आला की दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई विचारते, "भाऊ, ती देवाची शाळा कशी हाय? लेकराला टाकावं का?" पट्टा चालू असताना ओरडून सांगणं होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी पैशाचं. शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे. म्हणजे सरकारचं अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणून दुपारची खिचडीही नाही. डबा घरून. फी इंग्रजी शाळांच्या निम्म्याहून कमी, दोन हप्त्यांत घेतात, आणि उशीर झाला तर लेकराला वर्गात उभं करत नाहीत. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. माझ्या भाच्याला दुसऱ्या एका शाळेत फीपायी बाकावर उभं केलं होतं, ते पोरगं अजून शाळेचं नाव काढलं की गप्प होतं.

शिक्षण हक्क कायद्यानं गरीब-वंचित घरच्या लेकरांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा इथं खरोखर भरतात. 2024 मध्ये सरकारने नियम फिरवला होता : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा माफ. त्या वर्षी आमच्या गल्लीतली दोन-चार घरं टांगणीला लागली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्या काळात एकाही पालकाला 'तुमचं आता होणार नाही' म्हणून परत लावलं नाही. कागद घेऊन ठेवा, बघू, एवढंच म्हणायच्या.

या जागांवर कोणाची लेकरं येतात हे कळलं की शाळेतली सेवा कळते. आमचा तालुका आणि शेजारचा बीड जिल्हा, दोन्हीकडं ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, टोळी नेणारा मुकादम दारात उभा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी पार कर्नाटकात बेळगावकडं. लेकरू संगं नेलं तर शाळा बुडाली. मागं ठेवलं तर आजीपाशी, आणि आजीला धड चुलीपुढं बसवत नाही. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती गावातल्या जिल्हा परिषद शाळेमार्फत चालते. या शाळेतल्या तांड्यावरच्या लेकरांच्या दुपारच्या भाकरीचं काय, हा प्रश्न शाळेपुढं दरवर्षी दिवाळीनंतर उभा राहतो.

त्यावर त्यांनी जे काढलंय ते मला या शाळेतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून ऊसतोडीची माणसं परत येईपर्यंत प्रत्येकानं घरून एक भाकर जास्तीची आणायची. वर्गाच्या दाराशी दुरडी ठेवलेली असते. आल्या आल्या सगळ्यांनी सगळ्याच भाकरी तिच्यात टाकायच्या, स्वतःची म्हणून एकही डब्यात ठेवायची नाही. कोरड्यास, म्हणजे भाजी-कालवण, डब्यात राहू द्यायचं, तेही पंगतीत वाटून. मधल्या सुट्टीत दुरडी फिरते. कोणी आणली आणि कोणी नाही, हे कळायची सोयच ठेवलेली नाही. ज्याची आई उसाच्या फडात आहे ते लेकरूसुद्धा सकाळी चार जणांसारखं दुरडीपाशी वाकून पुढं जातं. त्या वेळी बाई फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत असतात. रोज, त्याच वेळेला. मी एका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आम्हाला तसंच सांगितलेलंय."

एकदा पीठ पोचवायला गेलो तेव्हा पंगत बसलेली होती. दुरडी माझ्या पुढ्यातून गेली आणि धंद्याची नजर, भाकरी ओळखू यायला लागल्या. एक पातळ, कडेला बोटांचे ठसे, म्हणजे परातीत थापलेली. एक अगदी एकसारखी गोल, पोळपाटावर लाटलेली, नव्या सुनेची असणार. एक जाड, निबर, नुसत्या तव्यावर शेकलेली, आरावर फुगवायला वेळ नसलेल्या घरची. दोन-तीन काळपट, कापणीच्या वेळी पावसात सापडलेल्या हायब्रीड ज्वारीच्या. माझ्या मुलीनं शेजारी बसलेल्या पोराच्या ताटलीत बघितलं आणि म्हणाली, "ही आमची हाय." त्यानं तुकडा मोडला, चावला, म्हणाला, "मीठ नाही टाकत का तुमच्यात?" त्या दिवसापासून आमच्या घरी भाकरीच्या पाण्यात चिमूटभर मीठ पडतं. बायकोला ते अजून पटलेलं नाही.

दुसरं काम शनिवारचं. शनिवारी दप्तर नाही. सरकारनं आनंददायी शनिवार सुरू केला त्याच्या आधीपासून इथं सेवेचा शनिवार आहे, असं जुने पालक सांगतात. त्या दिवशी घरून मूठभर ज्वारी आणायची. ती जमते, पोतं भरतं, आणि दळायला येते माझ्याकडं. पीठ जातं गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी. दळणाचे पैसे मी घेत नाही, पण बोलायचा हक्क घेतो.

आणि बोलावं लागलंच. पहिल्या वर्षी आलेल्या पोत्यात सगळी सरमिसळ होती. मालदांडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी ज्योती, खरिपातली हायब्रीड, कुणाच्या कणगीच्या तळाची दोन वर्षांची जुनी, वर खडे, एक गोटी आणि शाळेच्या शर्टाचं एक बटण. मिसळलेली ज्वारी एकसारखी दळली जात नाही. टणक दाणा रवाळ राहतो, मऊ दाण्याचा भुगा होतो, आणि जुन्या दाण्याच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसते. भाकर थापायला घेतली की कडेनं चिरत जाते. सत्तरीच्या म्हातारीला असलं पीठ देऊन काय सेवा झाली? मी मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. पुढच्या शनिवारी दोन पोती केली, शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, वेगळं आणि बाकीचं वेगळं, आणि तिसरी-चौथीच्या वर्गांना निवडायला बसवलं. दोन आज्ज्या सूप घेऊन आल्या. पाखडणं सगळ्यांना जमलं नाही, अर्धी ज्वारी अंगणात गेली, चिमण्यांचं साधलं. पण पोतं माझ्याकडं आलं तेव्हा त्यात खडा नव्हता.

यंदा शनिवारच्या ज्वारीवर तिसरीच्या बाईंनी वजनमापाचा धडा घेतला, ही गोष्ट मला फार आवडली. मुलगी घरी येऊन म्हणाली, माझी मूठ किती ग्रॅमची ते मोजायचंय. माझ्या काट्यावर तिची मूठ पस्तीस ग्रॅम भरली, माझी नव्वदच्या पुढं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या मुठी फळ्यावर लिहिल्या गेल्या आणि एका किलोला किती लेकरं लागतील हे गणित झालं. मग एका आजीनं घरातली मापं आणली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर. निम्मेपट आणि दुप्पट या दोन गोष्टी माझ्या मुलीला त्या लाकडी मापांवर एका तासात कळल्या, ज्या पुस्तकावरून महिनाभर कळत नव्हत्या.

आता देवाधर्माचं, कारण बऱ्याच जणांचा खरा प्रश्न तोच असतो. शेवटचा तास टाळांचा. अभंग, आरती, थोडं नाम. शुक्रवारी कीर्तनकार महाराज येतात, संतांच्या गोष्टी सांगतात. गंगाखेड जनाबाईचं गाव, त्यामुळं दळण-कांडण, शेण-गोवऱ्या यांच्या गोष्टी सारख्या निघतात आणि लेकरांना त्या ओळखीच्या वाटतात. कामाला कमी लेखायचं नाही, हे लेकरं तिथून उचलतात. महाराज बोलतात मात्र फार लांब. पहिलीतली पोरं भिंतीला टेकून झोपतात. त्यांना कोणी उठवत नाही, हे बरं.

आमच्या गल्लीतल्या एका मुसलमान घरचा मुलगा याच शाळेत आहे. आधी त्यालाही सगळ्यांबरोबर टाळ घेऊन उभं करायचे. वाईट हेतू काही नव्हता, कोणाला विचारायचं सुचलंच नव्हतं. पालक सभेत एका वकील पालकांनी राज्यघटनेतलं कलम 28 वाचून दाखवलं : सरकारची मान्यता असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ट्रस्टचे एक जुने सदस्य तापले, म्हणाले, आमच्या शाळेत आम्हालाच कायदा शिकवता का. मोठ्या बाई मध्ये पडल्या. आता जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून लेखी संमती घेतात, सही नसेल तर ते लेकरू त्या तासाला वाचनालयात बसतं. त्या पोराच्या आईनं सही केली नाही, आणि मुलगा अजून शाळेत आहे. दुरडीत त्यांच्या घरची भाकर येते, इतरांसारखीच. वाचनालय म्हणजे एक कपाट आणि एक सतरंजी आहे हेही सांगून ठेवतो, नाहीतर मोठं काहीतरी डोळ्यांपुढं आणाल.

शेगावची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते आणि पुढं परळी-अंबाजोगाईकडं जाते. शाळा उघडून नुकते दिवस झालेले असतात, पहिलीची पोरं अजून रडत असतात, आणि शाळेचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तेव्हाच येतो. तिसरी-चौथी रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन उभी राहते. प्लास्टिकचा पेला वापरायचा नाही हा नियम आहे, घरून तांब्या-फुलपात्र आणायचं, वरून ओतायचं. वारकरी ओंजळ धरतात. माझी मुलगी पहिल्यांदा ओतायला गेली तेव्हा तिनं घाबरून सगळा तांब्या एका आजोबांच्या बंडीवर रिकामा केला. ते म्हणाले, "माऊली, आंघोळ राहिलीच होती." तिला हसू आवरेना. पालखी पुढं गेली की खरं काम. केळीची सालं, पत्रावळ्या, इतर मंडळांनी वाटलेले पेले, हे सगळं उचलून रस्ता जसा होता तसा करायचा. त्याला दुपार होते. शिक्षकही वाकतात, हे मी बघितलंय. नुसतं बोट दाखवून काम करून घेणाऱ्यांतले नाहीत.

इथवर कौतुक झालं. आता राग.

गोदावरीच्या घाटावर निर्माल्य उचलायचा उपक्रम यांनी काढला होता. दुसरीपासूनची लेकरं, हातमोजे नाहीत. हा घाट दशक्रियेचा आहे. तिथं मुंडण होतं, वस्तऱ्यांची अर्धी पाती पायऱ्यांच्या फटीत पडलेली असतात, पिंडाच्या भाताशेजारी. एका लेकराचं बोट कापलं. खोल नव्हतं, पण धनुर्वाताची सुई घ्यायला त्याच्या बापाला मजुरी बुडवून दवाखान्यात जावं लागलं, आणि शाळेकडून त्या दिवशी साधा फोन नव्हता. सात वर्षांच्या पोराला तिथं नेण्याआधी एका मोठ्या माणसानं फक्त दहा मिनिटं त्या पायऱ्यांवर फिरून यायला हवं होतं. आम्ही पंधरा-वीस पालक गेलो, तेव्हा तो उपक्रम बंद झाला. आता फक्त चौथीचा वर्ग जातो, घाटावर नाही, देवळाच्या आवारात, आणि हातमोजे घालून. नवीन पालकांनी तरी दरवर्षी विचारत राहा. शिक्षक बदलतात आणि नवीन माणसाला मागचं ठाऊक नसतं.

दुसरा राग पोरापोरींच्या वाटणीचा. शनिवारी मुली निवडणार, रांगोळी काढणार, झाडणार. मुलं घागरी उचलणार, पताका धरणार, वाटायला पुढं जाणार. फोटोत बघा, देणारा हात कायम मुलाचा. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला घागर उचलू देत नाहीत, म्हणतात सांडशील." माझ्या गिरणीत पन्नास किलोचं पोतं तिची आई एकटी सरकवते. सभेत बोललो तर एक सर म्हणाले, मुलींना त्रास नको म्हणून. मी म्हटलं, झाडायचा त्रास चालतो का? लोक हसले, पण हसण्यावारी गेलं नाही. चौथीच्या वर्गात आता पाळी लावून सगळी कामं सगळ्यांना देतात. खालच्या वर्गांत अजून जुनंच चालू आहे.

तिसरं, आणि तारा कापला गेला तो यासाठी. मोठ्या बाईंचा नियम आहे की दुरडीचा आणि पिठाचा फोटो काढायचा नाही. तो नियम शिक्षक पाळतात, आम्ही पाळतो. ट्रस्टचे पदाधिकारी पाळत नाहीत. एका पदाधिकाऱ्यांच्या वाढदिवसाला लेकरांना फळवाटपासाठी दवाखान्याबाहेर उन्हात ताटकळत ठेवलं, कारण पाहुणे यायचे होते. पाहुणे आले तोवर केळी काळी पडली होती. मागं साहेबांच्या चेहऱ्याचं बॅनर, पुढं घामानं निथळणारी पोरं, असे फोटो पालकांच्या ग्रुपवर आले आणि खाली हात जोडलेली चिन्हं. त्यात मीही एक जोडलेला हात टाकला, गावात धंदा करायचाय. इथं मात्र लिहितो : तो दिवस सेवेचा नव्हता आणि लेकरांनाही ते कळलं होतं. मुलीनं त्या दिवसाबद्दल घरी एक शब्द सांगितला नाही. ज्वारीच्या दिवशी तिचं तोंड बंद होत नाही.

वर्गातल्या शिकवण्याबद्दल थोडक्यात. वाचन पक्कं. पाठांतर आणि उच्चार इतके स्वच्छ की दुसरीतलं पोर पेपर वाचून दाखवतं. अक्षर चांगलं. गणित बाई बघून : तिसरीच्या बाईंकडं सोनं, दुसरीत नुसते पाढे. इंग्रजी कच्चं, अगदी कच्चं, त्यासाठी दुसरीकडं शिकवणी लावावी लागते. संगणकाची खोली आहे, तिला कुलूप आहे. कायदा तीस लेकरांमागं एक शिक्षक म्हणतो, आमच्या वर्गात पन्नासच्या पुढं आहेत आणि शिक्षक एकच. बाईंचा घसा जानेवारीपर्यंत बसतो. पगार किती मिळतो ते विचारलं तर त्या विषय बदलतात. ट्रस्टनं सभामंडपाला फरशी बसवायच्या आधी एक शिक्षक वाढवायला हवा होता, आणि हे मी वर्गणी मागायला आलेल्यांना सांगूनच वर्गणी दिली.

ऊसतोडीची जी लेकरं आई-बापासंगं जातातच, त्यांच्यासाठी शाळा निघताना वह्या आणि अभ्यासाचे कागद बांधून देते. परत आल्यावर उन्हाळ्यात सकाळचे तास घेते. तरी एखादं मागं पडतं ते पडतंच. मुलीच्या वर्गातली एक मुलगी गुढीपाडव्याला परत आली ती जोडाक्षरं विसरून आली होती. बाईंनी तिला माझ्या मुलीशेजारी बसवलं. घरी आमच्या ओट्यावर दोघी संध्याकाळी वाचत बसतात. खरं सांगायचं तर वाचण्यापेक्षा भांडतात जास्त.

कोणी टाकावं? लेकरू मराठीत शिकवायचंय, भाकर-भाजीचा डबा द्यायची तयारी आहे, आणि शनिवारी कपडे मळून आले तर चालतात, त्यांनी डोळे झाकून टाकावं. ज्यांना पहिलीपासून नवोदयची तयारी हवी त्यांनी दुसरीकडं बघा, इथं तुमचा जीव रमणार नाही. प्रवेशाला जाताना ट्रस्टच्या ऑफिसात बसू नका, सरळ मोठ्या बाईंना भेटा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलात तर वर्गही बघायला मिळतो. धार्मिक तासाच्या संमतीचा कागद वाचून मग सही करा. आणि चौथीनंतर काय, हे पहिलीतच विचारून ठेवा. पाचवीचा वर्ग 'पुढच्या वर्षी' सुरू होणार असं ते सांगतील. मला तीन वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं. पाचवीला जवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे, बरी आहे, आम्ही ती बघून आलो. ज्वारी मात्र निवडून पाठवत जा, खड्यांनी माझ्या जात्याच्या दगडाची टाकी, म्हणजे खाचा, लवकर जाते.